कथलाची कांडी

खुटबावची सारजाबाई प्रसादाचा पेढासुद्धा हुंगून खायची, आणि वर देणाऱ्याचं तोंड न्याहाळायची. त्यात सून नकुशी पोटुशी. आधी दोनदा पोट पडलेलं. अशात वरवंडात कुण्या भामट्यानं कल्हईच्या कथलात शिसं मिसळलं, ते विष पोटात जाऊन अख्खं घर आजारी पडलं, अशी आवई उठली. झालं! बाईची झोपच उडाली.

गावाची भांडी वर्षानुवर्षं अल्लाबक्षच कल्हई करायचा. बाईला आता तोही चोर वाटू लागला. दौंडच्या बाजारात जाऊन तिनं कथलाची कांडी स्वतः आणली. निम्म्या कांडीत सुनेच्या साराचं पातेलं तिथल्याच कल्हईवाल्यापुढं ठाण मांडून कल्हई करून घेतलं. महिन्याभरानं बाकीची भांडी आणि उरलेली कांडी घेऊन ती अल्लाबक्षच्या भात्याशी येऊन बसली.

"माझंच कथील लावायचं. तुझं नगं."

अल्लाबक्षनं कांडी कानाशी धरून वाकवली. "आक्का, ह्यात शिसं हाय. निव्वळ कथील वाकवलं की करकरतं."

"व्हय रं, तुझंच तेवढं सोवळ्यातलं! कांडी ढापायचा डाव हाय तुझा."

अल्लाबक्ष लालबुंद झाला. दोन पळ्यांत दोघांचं कथील वितळवून त्यानं पळ्या खाली ठेवल्या. "तुमीच बघा. एकच जिन्नस असला की एका दमात थिजतो. मिसळ असली की घोळत बसती."

बाईनं डोळ्याची पापणी लवू दिली नाही. त्याचं कथील चकाकलं आणि बघता बघता घट्ट झालं. तिचं मात्र कण धरूनही मधे पातळच. काडी घातली तर पिठल्यासारखी आत रुतली.

"पळ्या बदल," बाई गुरगुरली. "तुझ्या पळीलाच कायतरी फासलंय."

त्यानं पळ्या बदलल्या, पुन्हा वितळवलं. पुन्हा तेच.

मग मात्र बाईला आठवलं. ते पातेलं! त्याला ह्याच कांडीची कल्हई, आणि चिंचेचं आंबट सार रोज त्यातच शिजत होतं. मेली मी, म्हणत ती उठली ती पदराचंही भान न ठेवता घरी धावली.

नकुशी वाटी ओठाला लावतच होती. बाईनं एका फटक्यात ती उडवली. सार भिंतीवर सांडलं.

"अवं, काय झालं?"

"कवापास्नं पितीस गं ह्यातलं?" बाईनं पातेल्याकडं बोट केलं.

नकुशीनं बावरून पोटावर हात ठेवला.

"रोजच की, आत्याबाई. तुमीच तर वाढता. दुसऱ्या कुणाच्या हातचं खाऊ देता व्हय मला?"