मातीचा रकाना

मी एक जुना रूळ आहे. थांबा, थांबा, घोळ करू नका! भिलाईत रूळ म्हटलं की सगळ्यांना आगगाडीचाच आठवतो. मी तो नव्हे. मी हातभर लांबीचा, शिसवी लाकडाचा गोल रूळ. कागदावर सरळ रेघा मारायला माझा जन्म झाला. माझ्या एका टोकाला काळा डाग दिसतो ना, तो मात्र शाईचा नाही. ऐका तर मग.

नागपूरच्या एका लाकूड कातणार्‍या कातार्‍यानं मला घडवलं. दुकानात मी फार दिवस पडून राहिलो नाही. भिलाईला पोलादाचा कारखाना उभा राहत होता, पहिली भट्टी अजून पेटायची होती. तिथल्या एका ठेकेदार कंपनीनं मला विकत घेतलं आणि पत्र्याच्या टाइम ऑफिसात आणून ठेवलं. तिथला कारकून ओमप्रकाश अंबाल्याकडचा. मजुरांचा हजेरीपट तो लिही. त्याचं मस्टर म्हणजे देखणं काम! मोठे साहेब त्याची पाठ थोपटायचे आणि मी उगाच फुगायचो.

पण मित्रांनो, त्या जागेवर माणसं पटापट मरत. दोर तुटे, लोखंडी खांब सटके, उंचावरचा माणूस खाली येई. मग ओमप्रकाश मला मस्टरवर ठेवी आणि त्या नावावर तांबडी रेघ ओढी. पाणी प्यायल्यासारखं सोपं होतं ते. मला तेव्हा काहीच वाटत नसे. खरंच सांगतो, लाज वाटते आता.

अवजड लोखंड दोरांनी वर चढवणार्‍या खलाशी गँगमध्ये कवडू नावाचा गडी होता. विदर्भातल्या आमगावजवळच्या खेड्यातला, अंगानं दणकट, बोलायला कमी. त्याची बायको भागीरथा तिथंच पाटीतून गिट्टी, म्हणजे खडी, वाहायची. दोघं खुर्सीपार वस्तीत कंपनीनं दिलेल्या झोपडीत राहत. एका दुपारी त्याच्या गावचा फकिरा पॅसेंजरनं आला आणि त्यानं निरोप दिला, की तुझी माय गयाबाई सकाळी गेली, लोक तुझ्यासाठी थांबले आहेत. कवडू धावत आमच्या खिडकीशी आला.

"साहेब, मातीले जाऊन राहिलो. तीन दिवस."

ओमप्रकाशनं मान वर केली नाही. "मट्टी? अच्छा, जाओ."

झालं! विदर्भातला माणूस मयतीला जातो तेव्हा 'मातीले जातो' म्हणतो. ओमप्रकाशला वाटलं, हा खोदकामावर जायचं म्हणतोय. तिकडे माणसं कमी होती, बदली मागणारे रोज येत. त्यानं लिहिलं, 'तीन दिन, मट्टी-काम.' आणि त्या ओळीखाली मी ऐटीत सरळ रेघ मारून दिली.

तीन दिवस खोदकामाचा मुकादम सांगत राहिला, असा कोणी माणूस इकडे आलाच नाही. मरणाची रजा कंपनीत नव्हतीच. युनियनचे शामराव वर्षभर ती मागत होते आणि साहेब हसण्यावारी नेत होते. सांगून गेलं तर नुसता पगार कापत; न सांगता तीन दिवस गैरहजर, की नाव कापलं. कवडूचं नाव कापलं गेलं. काम गेलं, की खुर्सीपारची झोपडीही जाणार होती.

चौथ्या दिवशी सकाळी तो खिडकीशी आला. ओमप्रकाश खेकसला, "झूठ बोलके भागा था! मट्टी बोलके गया, मट्टी पे पहुँचा नहीं!"

"मातीलेच गेलो होतो जी! माय मेली माही!"

"अब माँ मर गई? उस दिन तो मट्टी बोला था!"

"एकच गोष्ट हाये ते!" कवडू ओरडला आणि त्यानं खिडकीतून हात घालून मस्टर धरलं. "माहं नाव कावून कापलं? लिव पहिले!"

ओमप्रकाशनं मला उचललं. पहिला फटका बोटांवर. कवडूनं मस्टर सोडलं नाही. दुसरा कानशिलावर. ती कवटी माझ्याखाली दबलेली मला कळली. मित्रांनो, लाकडालाही कळतं ते. तिसरा, चौथा. रक्त मस्टरवर सांडलं, माझ्या रेघा त्यात बुडाल्या आणि कवडू खिडकीखाली कोसळला.

खलाशी गँग नट पिळायचे लोखंडी पाने घेऊन आली. पत्रे फाटले. ओमप्रकाशला बाहेर ओढलं आणि त्याचा हात कोपरातून मोडला. ठेकेदाराचे पहारेकरी लाठ्या घेऊन तुटून पडले. बाया पाट्या टाकून गिट्टी फेकू लागल्या. कोणाचे दात पडले, कोणाची बरगडी मोडली. शामराव मधे उभे राहून "मारू नका, मारू नका!" ओरडत होते, तर त्यांच्याच तोंडावर लाठी बसली. त्या गोंधळात भागीरथेनं मला उचललं आणि लुगड्याच्या ओच्यात खोचलं.

तीन दिवस काम बंद राहिलं. रोज दगड, रोज लाठ्या. कवडू दवाखान्यात बेशुद्ध. चौथ्या दिवशी साहेबांनी युनियनला बोलावलं. भागीरथा कोणाला न विचारता आत शिरली. तिनं मला टेबलावर असं आदळलं, की दौत उडाली.

"याच्यानं मारलं! माह्या नवर्‍याची माय मेली, तो मातीले गेला, म्हणून! माती म्हणजे काय ते आज कागदावर लिवा. नाही तर मी इथून हालत नाही!"

सुजलेल्या तोंडानं शामरावांनी समजावलं, "साहेब, आमच्याकडं मेल्या माणसाले माती देतेत. मातीले जाणं म्हणजे मयतीले जाणं."

कोपर्‍यात ओमप्रकाश बसला होता, हात गळ्यात बांधलेला. "मुझे क्या पता था," तो पुटपुटला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मला त्याचा संताप आला, आणि कीवही आली.

संध्याकाळपर्यंत वाद चालला. शेवटी ठरलं: आई, बाप, नवरा, बायको, मूल, भाऊ, बहीण, यांच्या मरणाला तीन दिवसांची रजा, नाव कापायचं नाही. कवडूचं नाव परत चढलं. नवा कारकून पंजाबराव आमच्याच विदर्भाकडचा होता. त्यानं मस्टरमध्ये नवा रकाना आखला, वर 'माती' लिहिलं. रेघ मारताना माझा डाग कागदाला लागला.

दुसर्‍या दिवशी दुपारी कवडू गेला. शुद्धीवर आलाच नाही. आपलं नाव परत चढलं हे त्याला कळलंही नाही.

त्याच्या मातीची रजा मागायला खिडकीशी रांग लागली. पंजाबरावनं पहिल्याला विचारलं, "नातं?"

"भाऊ."

दुसरा तेलुगू बोलणारा. "भाई." तिसरा छत्तीसगडी. "भाई." गँगमधले बेचाळीस जण, निरनिराळ्या भाषांचे. पंजाबराव प्रत्येकापुढं 'भाऊ' लिहीत गेला. मागे उभ्या असलेल्या साहेबांनी पानाखाली सही केली.

सगळ्यात शेवटी भागीरथा आली. तिचंही नाव मस्टरवर होतंच की! पंजाबरावनं नातं न विचारताच टाक उचलला.

"लिव," तीच म्हणाली. "बायको. तीन दिवस. आन् रेघ सरळ मार, वाकडी झाली तर उद्या माहं नाव कापतीन."

पंजाबरावनं मला कागदावर टेकवलं. मी जीव एकवटून सरळ राहिलो.

मित्रांनो, आता मी युनियनच्या कपाटात पडून असतो. रेघा मारायला कोणी मला घेत नाही, आणि माझं दुखणंही ते नाही. मोठे व्हाल, कुठल्या तरी खिडकीच्या आत बसाल. बाहेरचा माणूस त्याच्या भाषेत काही सांगेल आणि तुम्हाला ते कळणार नाही. तेव्हा मान वर करून त्याच्या तोंडाकडं पाहा आणि विचारा, "म्हणजे काय रे भाऊ?" ओमप्रकाशनं एवढं विचारलं असतं, तर कवडू आईला माती देऊन चौथ्या दिवशी कामावर आला असता.