कडेवरचं नाव

इंग्लंडातल्या आमच्या चेल्टनहॅममध्ये निवृत्त फौजी साहेबांना काय तोटा! आमच्याच गल्लीत चार होते. तीन गेले. उरले आमचे मेजर थर्लो, ना बायको ना मूल, आणि त्यांचं घर सांभाळणारी मी, डॉर्कस. बावीस वर्षं झाली. दर शनिवारी खडूची पूड आणि फडकं घेऊन त्यांची लढायांची तिन्ही पदकं मी अशी लख्ख घासायची की बघत राहावं. माझ्या हातचं काम, थट्टा नाही!

गेल्या हिवाळ्यात साहेबांची नजर पार गेली. पलटणीच्या वार्षिक जेवणाचं बोलावणं होतं, त्या दिवशी सकाळीच त्यांनी पदकं मागवली. कोणतं कुठलं ते अंगठ्यानं चाचपायला लागले. पदकाच्या कडेवर सरकार हुद्द्यासकट नाव कोरून देतं ना, ते. अंगठा फिरला, पुन्हा फिरला.

"डॉर्कस, ही माझी नव्हेत. नाव कुठंय?"

मीच घासून घासून पुसलं होतं ते. कर्म माझं!

"अंगठा बधिर झालाय तुमचा, मेजरसाहेब. नाव आहे की."

"त्या टेबलावर मला ओळखणारा आता एकही उरला नाही. हे नाव तेवढं होतं. तेही नसेल तर मी जाऊ कशाला?"

"आहे म्हणते ना! हे बघा, पंजाबच्या पदकावर, लेफ्टनंट अँब्रोज थर्लो. आफ्रिकेच्यावर, कॅप्टन अँब्रोज थर्लो. न्यूझीलंडच्यावर, मेजर अँब्रोज थर्लो."

त्यांनी पदकं मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तुला वाचता येत नाही, डॉर्कस."

मला रडूच कोसळलं. सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता हाकलणार. त्यांनी छाती पुढे केली.

"लाव. आणि दारापर्यंत चल माझ्याबरोबर. कोणी विचारलंच, तर आत्ता वाचलंस तसंच वाच."

दुपारी गेलो. एक तरणा अधिकारी त्यांना दंडाला धरून आत घेऊन गेला. छातीकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही, मेल्यानं! मी दाराबाहेर उभी, तिन्ही नावं घोकत. अर्ध्या तासात साहेब परत आले. जेवण संपलंही नव्हतं.

कोपऱ्यापर्यंत माझा हात धरून चालले. मग थांबले.

"कोणी विचारलं नाही, डॉर्कस. तू वाच."

भर रस्त्यात मी वाचलं.