हिरव्या इंजिनाचा दिवा

लाल इंजिनाचं कवच उचललं आणि धाकटीच्या मनात वीस वर्षं चुकचुकणारी पाल एकदम बोलायलाच लागली.

कवचाच्या आतल्या बाजूला बाबांनी सुईने दोन टिंबं कोरली होती. दोन टिंबं म्हणजे धाकटी आणि एक टिंब म्हणजे दादा. लहानपणी कंपासपेटीपासून पाण्याच्या बाटलीपर्यंत सगळ्यावर हीच खूण असायची. पण खाली, चाकं, मोटर आणि दिवा ज्या सांगाड्यावर बसवलेले असतात, त्या सांगाड्यावर एकच टिंब होतं. तिने कापसाने पुसून पाहिलं, भिंग लावून पाहिलं. एकच.

"ढापला! माझा सांगाडा ढापला!" ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला खोलीत फक्त प्लास्टरचे सोळा जबडे होते.

धाकटी कवळ्या करायची. दंतवैद्यांकडून जबड्यांचे साचे येत आणि ती त्यांवर एकेक दात बसवी. दिवसभर लोकांचे दात घासून झाले की टेबलाच्या उरलेल्या अर्ध्या भागावर मांडलेल्या रुळांवर इंजिन फिरवायचं, हा तिचा विसावा. वीतभर लांबीची दोन पितळी इंजिनं बाबांनी शेवटच्या आजारपणात केली होती. दादाला हिरवं, तिला लाल. बाबा गेल्यावर ती ज्याची त्याला दिली दादाने. लाल इंजिन धावायचं झकास, पण त्याचा पुढचा दिवा असा मिणमिणता की काजव्यानेही नाक मुरडावं. हिरव्याचा मात्र लखलखीत. दर वर्षी त्यांच्या छोट्या रेल्वेच्या हौशी मंडळाच्या प्रदर्शनात हॉलमध्ये अंधार केला की लोक हिरव्याकडे बोट दाखवत, आणि बंधुराज साळसूदपणे स्वतःच्या बुटांकडे बघत उभे राहत.

तिने चाकं स्पिरिटने पुसून पाहिली होती. दात चमकवायची पेस्ट लावून दिव्याची काच घासली होती. बाबांच्या हातचं उघडायचं नाही, असं तिने ठरवलं होतं म्हणून इतकी वर्षं गाडी तिथेच अडली. या रविवारच्या प्रदर्शनासाठी मात्र जुना बल्ब काढून एलईडी बसवायचाच, असं ठरवून तिने आज स्क्रू फिरवले, तर आत हे काळंबेरं निघालं.

रागाबरोबर तिला थोडं हलकंही वाटलं, आणि त्याला कारण होतं. तिच्या कपाटाखाली जुन्या उशीच्या अभ्र्यात बाबांचा मोठा कंट्रोलर होता. रुळांना वीज देणारी ही पेटी दोघांच्या मालकीची. वाटणीच्या वेळी तिने "जळला तो" असं दादाला सांगून टाकलं होतं, दोन दिव्यांतला फरक पाहून आलेल्या निव्वळ संशयावरून. हा माझा दिवा पळवतो काय, मग घे! तेव्हापासून ती गोष्ट तिला खुपत होती. आज पुरावा हाती आला. चोराशी खोटं बोललं तर त्यात एवढं काय?

तिने फोन लावला. "दादा, हिरवं घेऊन ये. तुझा दिवा कसा बसवलाय ते बघायचंय."

"कशाला? मी फोटो पाठवतो की," दादा म्हणाला. दुसऱ्या दिवशी वहिनीला डॉक्टरकडे न्यायचं होतं. तिसऱ्या दिवशी गुडघा धरला होता. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत बारा-बारा मजले चढलेला माणूस, त्याचा गुडघा नेमका आत्ताच बरा धरला! शुक्रवारी दुपारी तो एकदाचा आला, पण खोका काही हातातून सोडेना.

"वरूनच बघ हं, छोटे. उघडू नकोस."

"नाही रे, उघडतेय कशाला," ती म्हणाली. तेवढ्यात वहिनीचा फोन आला आणि तो बोलत गॅलरीत गेला. चार स्क्रू काढायला तिला एक मिनिटही लागलं नाही.

हिरव्या कवचात एक टिंब आणि सांगाड्यावर दोन टिंबं होती. बल्ब अगदी तिच्याकडच्यासारखाच होता, त्याच मापाचा, पण रागाच्या भरात ते तिच्या डोक्यात शिरलं नाही.

दादा आत आला आणि दारातच थबकला.

"सापडलास," ती म्हणाली. "बाबा जाऊन पंधरा दिवस झाले नव्हते, आणि तू सख्ख्या बहिणीचा सांगाडा बदललास?"

"बदलला," दादा स्टुलावर बसत म्हणाला.

"माझा दिवा चांगला होता म्हणून!"

"दिव्यासाठी नाही गं. चालवून बघ."

तिने हिरवं इंजिन रुळांवर ठेवलं आणि आपल्या छोट्या कंट्रोलरचं बटण पार टोकापर्यंत फिरवलं. इंजिन कण्हलं, पण जागचं हललं नाही.

"घरी हे असंच," दादा म्हणाला. "मंडळाच्या मोठ्या कंट्रोलरवर वर्षातून एकदा चालतं तेवढंच. बाबांचा जळला नसता तर..."

आता "जाऊ दे" म्हणून धाकटीला विषय संपवता आला असता. पण मग या मेल्या इंजिनाचा दिवा एवढा लखलखतो कसा, ते कधीच कळलं नसतं. ती उठली, कपाटापुढे ओणवी झाली आणि अभ्र्यातली पेटी ओढून काढली. दादा बघत होता. तिने मान वर न करता तारा जोडल्या.

आधी लाल. काटा तीन व्होल्टवर जातोय तोच ते सुळकन निघालं. आणखी वीज दिली असती तर वळणावर उलटलंच असतं. दिवा नेहमीसारखा, असून नसल्यासारखा. मग हिरवं. तीनला काही नाही. सहाला कण्हणं. अकराला ते कसंबसं सरकायला लागलं, आणि त्या अकरा व्होल्टवर दिवा असा पेटला की समोरच्या जबड्याचे दात मोजता आले असते.

मोटर आणि दिवा एकाच रुळावरची वीज पितात. चांगल्या मोटरला घोटभर पुरते, मग दिव्यालाही घोटभरच मिळते. हे तिला कळायला हवं होतं. वीस वर्षं रोज बटण तिनेच फिरवलं होतं.

"बाबांकडे तेव्हा एकच चांगली मोटर होती," दादा म्हणाला. "ती त्यांनी माझ्या सांगाड्यात घातली. छोटी शोभेला कपाटात ठेवेल, म्हणाले. मला माहीत होतं, चालवणार तूच."

"मग सांगायचं नाहीस? आणि आज एवढी लपवाछपवी?"

"तू आधी बाबांवर चिडली असतीस. मग माझ्यावर. मग दोन्ही इंजिनं माझ्या अंगावर फेकली असतीस."

हे खरं होतं. तिला हसू आलं नाही. तिला लाज वाटत होती, कान गरम होईपर्यंत.

दादाने कंट्रोलरवरची धूळ बोटाने पुसली. "जळला होता ना हा? कधी दुरुस्त केलास?"

त्याने पळवाट उघडून दिली होती. नुसतं "मागच्या महिन्यात" म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"जळलाच नव्हता, दादा," ती म्हणाली. "तू दिवा घेतलास असं वाटलं, म्हणून मी लपवून ठेवला. पहिल्या दिवसापासून."

हिरवं इंजिन रखडत वळण घेऊन प्लास्टरच्या चढापाशी पोचलं होतं. दादाने पुढे झुकून बटण शेवटपर्यंत फिरवलं. इंजिन चढाला लागलं, अर्ध्यावर जाऊन थरथरलं. दिवा डोळ्यांत खुपत होता.

"रागाव ना रे माझ्यावर," ती म्हणाली.

"रागावलोय," इंजिनावरची नजर न काढता तो म्हणाला. "पण आधी हे वर जाऊ दे. घरी एकदाही चढलं नाही ते."