करड्या कमळांचं कार्ड

"दुरून रडते ती पाल. माणूस असेल तर दारात येऊन रडेल."

आईचं हे वाक्य लिओनिलाने ऐकलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. नाताळाआधीच्या नऊ पहाटेच्या प्रार्थना चालू होत्या आणि आई चर्चबाहेर केळीच्या पानावर तांदळाच्या पिठाची बिबिंका भाजत बसली होती. गिऱ्हाइकाला बोलवायची तिची एक आरोळी होती. वर निखारा, खाली निखारा, मधे पिठाचा जीव बिचारा. त्या आठवड्यात शेजारच्या पासिटाचा नवरा शवपेटीत झोपलेला होता. हाँगकाँगला घरकाम करणारी त्याची लेक आली नव्हती. तिने फुलांचं भलंमोठं चक्र पाठवलं, आणि सोबत स्वतःच्या रडण्याची कॅसेट. ती कॅसेट पेटीशेजारी वाजत होती आणि रडणं गल्लीभर ऐकू येत होतं. आईने विंझणा हलवून निखारे फुलवले आणि ते वाक्य टाकलं, पालीवर झाडू टाकावा तसं.

आता लिओनिला सेहेचाळीस वर्षांची होती. परदेशात, आओमोरीच्या बर्फात, म्हाताऱ्यांच्या एका आश्रमात, चौदा वर्षं ती लोकांच्या आयांना न्हाऊमाखू घालत होती. सप्टेंबरात भावाचा, दान्तेचा फोन आला. आई गेली. पेटी नऊ दिवस ठेवतो, तू ये.

"सुट्टी मिळत नाही रे," लिओनिला म्हणाली.

सुट्टी तिने मागितलीच नव्हती. नऊ वर्षांत ती घरी फिरकली नव्हती. दर नाताळाला हेच वाक्य आईला ऐकवायची आणि सणाच्या पाळ्या आपण होऊन मागून घ्यायची. घरी जायचं म्हणजे नऊ वर्षांचा हिशेब आईच्या जिभेखाली द्यायचा, आणि ती जीभ तव्यावरच्या निखाऱ्यासारखी. पुढल्या वर्षी जाऊ, पुढल्या वर्षी जाऊ, म्हणता म्हणता जीभच विझली. आता गावात जाऊन पेटीपुढे उभं राहायचं आणि गल्लीने कुजबुजायचं, बघा, आली पाल. फोन ठेवून ती पाळीवर गेली आणि अकरा म्हाताऱ्यांची नखं कापली. कुणाला काही सांगितलं नाही. जी दारात जाऊन रडली नाही तिला रडायचा हक्क नाही, आणि रडायचं नाही तर सांगायचं तरी कशाला?

म्हणून डिसेंबर आला तसा तिने दुसऱ्यांचा तिरस्कार करायला घेतला. त्या कामात ती मुळातच तरबेज होती.

तिच्याबरोबर दोन खोल्यांत तिच्याच देशातल्या, आश्रमातच कामाला असलेल्या आणखी दोघी राहायच्या. रोवेना तिशीची. ती फोन भिंतीला टेकवून आईशी बोलत बोलत जेवायची, भांडी घासायची, नाक शिंकरायची. डोळ्यांतलं पाणी कमी पडलं की कॅमेरा जवळ घ्यायची. योवेलिन चोवीस वर्षांची, येऊन आठ महिने झालेली. तिने दुकानातून हातभर उंचीचं प्लॅस्टिकचं झाड आणलं होतं. त्याच्यावर दिवे लावले की हीटर बंद करावा लागायचा, नाहीतर घराची वीजच जायची.

"थंडीत कुडकुडत देवाचा जन्म बघायचा," लिओनिला म्हणाली. "गोठ्यात तरी गाईबैलांची ऊब होती."

"ताई, तुम्हाला आनंदाची ॲलर्जी आहे का?" रोवेना म्हणाली.

"आनंदाची नाही. मेणबत्त्या लावून रडणाऱ्यांची."

इथल्या लोकांवरही तिचा तेवढाच राग. नाताळ म्हणजे स्ट्रॉबेरी लावलेला पांढरा केक आणि कागदी बादलीतली तळलेली कोंबडी. येशू कोण विचारलं तर म्हणतील, केकवाला का? आणि सगळं इतक्या नम्रपणे की चिडायलाही जागा नाही. कमरेत वाकतात, पुन्हा वाकतात. माणूस पलीकडे दिसतच नाही, नुसती टाळू दिसते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात योवेलिनने एक शहाणपण केलं. इथे सगळे एकमेकांना नव्या वर्षाची कार्डं पाठवतात हे तिला कळलं होतं. तिने दुकानातून सतरा कार्डं आणली, तयार छापलेली. फिकट करडी कमळं, जांभळट धुकं, मधे सुंदर उभी अक्षरं. खाली तिघींची नावं घातली. कार्ड फारच गंभीर वाटलं म्हणून प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल टोपीवाला बर्फाचा बाहुला काढला. आणि आश्रमात काम करणाऱ्या सतराही जणांना, बाकी दोघींना न विचारता, टपालाने पाठवून दिली.

त्यानंतर आश्रमात काहीतरी बिनसलं. सगळे हळू बोलू लागले. स्वयंपाकघरातल्या बाईने तिघींच्या ताटात एकेक अंडं जास्त वाढलं. दाराला नव्या वर्षाची पाइनची तोरणं बांधायला सगळ्यांना बोलावलं, या तिघींना नाही. अठ्ठावीस तारखेच्या वर्षअखेरच्या जेवणाची यादी लागली, तिच्यातही यांची नावं नव्हती.

"परदेशी ना आपण," रोवेना म्हणाली आणि लगेच फोन भिंतीला टेकवून आईला सांगायला बसली.

लिओनिलाला असलं रडगाणं येत नव्हतं. तेवीस तारखेला ती थेट व्यवस्थापक कुदो-सानपुढे जाऊन उभी राहिली. "यादीत आमची नावं नाहीत."

कुदो-सान वाकले. "निला-सान, तुमच्या घरी दुःख आहे. अशा वेळी मेजवानीला बोलावणं बरं दिसलं नसतं."

लिओनिलाच्या पायाखालचा बर्फ सरकला. कुणी सांगितलं ह्याला? दान्तेने? 

कुदो-सानने खणातून कार्ड काढून दोन्ही हातांनी पुढे धरलं. करडी कमळं. लिओनिलाने उभी अक्षरं वाचली. घरात सुतक असल्याकारणाने वर्षअखेरच्या व नववर्षाच्या शुभेच्छांपासून आम्ही दूर राहत आहोत, क्षमस्व. खाली तिघींची नावं, आणि टोपी घातलेला बाहुला खदाखदा हसतोय.

"विचारू नये," कुदो-सान अगदी हळू म्हणाले, "पण हे चित्र बघून आमच्या मनात आलं... लहान मूल होतं का?"

नाही, असं म्हणायचं होतं. चूक आहे, एका येड्या पोरीची चूक. एवढं म्हटलं की संपलं. लिओनिलाने कार्ड टेबलावर पालथं ठेवलं.

"उद्या सांगते," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

घरी येऊन तिने योवेलिनला सोलून काढली. "आठ महिने भाषेच्या क्लासला जातेस. काय वाचलंस गं तू?"

"'वर्षअखेर', 'नववर्ष', 'शुभेच्छा'," योवेलिन बोटं मोजत म्हणाली. "तीन शब्द आले मला, ताई. मी खूश झाले. पहिला आणि शेवटचा नाही आला."

"पहिला सुतक आणि शेवटचा नको. मधलं वाचून लोक लग्नं करतात, तू मयत केलीस."

रोवेनाला हसू आवरेना. हसता हसता तिला उचकी लागली. "कोण मेलंय असं वाटत असेल त्यांना? बाहुला?"

"तुम्ही उद्या सांगा ना, ताई," योवेलिन म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "सगळे जमतील दुपारी. एकच वाक्य आहे. 'आमच्या घरी कुणी गेलेलं नाही.' मी बोलले असते, पण मला 'मेलं'चं सभ्य रूप येत नाही. जेवणाला जायचंय मला. आठ महिन्यांत मला कुणी जेवायला बोलावलेलं नाही."

"सांगेन," लिओनिला म्हणाली. "तुझं तोंड बंद ठेव म्हणजे झालं."

तांदूळ धुताना तिने वाक्य म्हणून पाहिलं. आमच्या घरी. तांदळाचं पाणी पांढरं झालं. आमच्या घरी कुणी. पाणी ओतलं, दुसरं घेतलं. बाहेर छपरावरून बर्फाची लादी घसरून धप्पकन पडली आणि ती दचकली. चौदा वर्षं हिला बर्फाचा आवाज पाठ, आणि आज दचकली. सप्टेंबरापासून ती गप्प होती. गप्प बसणं वेगळं. पण जिने आपल्याला जन्म दिला ती गेलेलीच नाही, असं सतरा माणसांपुढे उभं राहून म्हणायचं? पालसुद्धा एवढं करणार नाही. पाल निदान रडते तरी.

चोवीस तारखेला दुपारी तीन वाजता दिवाणखान्यात लाल कागदी टोप्या घातलेले म्हातारे ओळीने बसले होते, कुणी फेकून दिलेल्या भेटींसारखे. केक आला. प्रत्येकाच्या वाट्याला अर्धी स्ट्रॉबेरी. कुदो-सानने सांताची दाढी लावली होती, पण तिघी आत येताच लगबगीने काढून खिशात कोंबली. सुतकातल्या माणसांपुढे दाढी बरी दिसत नाही. लिओनिलाला ते बघून हसू यायला हवं होतं.

"निला-सानना काही सांगायचंय," कुदो-सान म्हणाले.

सतराही जण हात पुढे जोडून उभे राहिले. योवेलिनने तिच्याकडे बघून मान हलवली, परीक्षेला निघालेल्या पोराकडे बघून आई हलवते तशी. रोवेनाने ओठ दातांखाली धरले होते.

"ते कार्ड," लिओनिला म्हणाली. "योवेलिनला अक्षरं नीट वाचता आली नाहीत. तिने चुकून सुतकाचं कार्ड आणलं." सगळ्या खोलीने श्वास सोडला. स्वयंपाकघरातली बाई हसलीसुद्धा, तोंडावर हात ठेवून. "रोवेनाच्या घरी सगळे बरे आहेत. योवेलिनच्याही. त्यांना जेवणाला बोलवा."

एवढ्यावर थांबता आलं असतं. कुदो-सानचा हात दाढीच्या खिशाकडे गेलाही होता. पण खिडकीपाशी हात्सुए-सान बसल्या होत्या. वय एक्क्याण्णव, ऐकलेलं त्यांच्या मनात पाच मिनिटं टिकायचं नाही. कार्ड कुणीतरी त्यांना दाखवलं होतं आणि तेव्हापासून दिसेल त्याला त्या एकच प्रश्न विचारत होत्या. टोपी डोळ्यांवर आलेली, ओठांना मलई.

"अगं, पण गेलं कोण?" त्यांनी विचारलं. "हिचं कोण गेलं?"

"कुणी नाही, आजी," योवेलिन वाकून म्हणाली. "चूक झाली माझी."

"तुला नाही विचारलं," हात्सुए-सान म्हणाल्या. "हिला विचारलं."

लिओनिलाने त्यांच्याकडे पाहिलं. वरून निखारा, खालून निखारा. तिने हात एप्रनला पुसले, कोरडेच होते ते.

"कार्डात चूक नाही," ती म्हणाली. "सप्टेंबरात. सुट्टी मागितली असती तर तुम्ही दिली असती, कुदो-सान. मी मागितली नाही." तिने हात्सुए-सानांची टोपी सरळ केली. "माझी आई गेली, आजी. मी गेले नाही."