अर्गिरिसचा भुसा

त्या बाईंच्या काळ्या कोटाच्या बाहीवर भुशाचा एक कण चिकटला होता — बीचच्या लाकडाचा, पिवळसर, मुंगीच्या डोक्याएवढा — आणि तो आता पडेल, मग पडेल, अशा अपेक्षेने झिसिस त्याच्याकडेच पाहत राहिल्यामुळे बाईंच्या बोलण्याचा अर्धा भाग त्याच्या कानांवरून नुसताच वाहून गेला.

"...तर यंत्रं ठीक, टाकी ठीक, सांडपाण्याचे कागद ठीक," मिर्सिनीबाई म्हणत होत्या. विमा कंपनीकडून कारखान्याची पाहणी करण्यासाठी त्या सकाळीच थेस्सालोनिकीहून आल्या होत्या. "अर्जातला अकरावा प्रश्न तेवढा मोकळा सोडलाय तुम्ही."

"राहून गेला असेल."

"सगळ्यांचा तोच राहतो." त्या हसल्या, पण हसण्यात टोचणी नव्हती. "पलीकडच्या गल्लीत अजून एक कारखाना बघायचाय. दोन वाजता येते. तोवर होय किंवा नाही लिहून सही करून ठेवा."

"आणि होय लिहिलं तर?"

"तर माती तपासणार, पाणी तपासणार, आणि वरचे लोक बहुतेक नकोच म्हणतील." बाईंनी चष्मा काढला. "हे बघा, तुमच्या कारखान्यामुळे शेजाऱ्याची माती नासली, विहीर नासली, तर भरपाई आम्ही देतो. पण तुम्हाला जे माहीत नव्हतं, त्याचीच. माहीत असून लपवलंत तर विमा रद्द. मग शेजाऱ्यालाही काही मिळत नाही."

त्या गेल्या. तो कण बाहीवरच राहिला.

'आपल्या माहितीप्रमाणे या जागेत अथवा तिच्या लगत कोणतेही घातक द्रव्य यापूर्वी सांडले, गळले, पुरले वा टाकले गेले आहे काय?' ... आपल्या माहितीप्रमाणे. किती सभ्य शब्द! म्हणजे अज्ञानाला संरक्षण आहे, आणि ज्याला ठाऊक आहे त्याने मात्र उघड्यावर उभे राहावे, असा काहीसा विचार झिसिसच्या मनात आला. कागद घडी घालून त्याने खिशात ठेवला. विम्याशिवाय यंदापासून एकही कातडे पाठवणार नाही, असे मिलानच्या व्यापाऱ्याने स्पष्ट कळवले होते. आणि कातडी आली नाहीत तर आत काम करणाऱ्या नऊ माणसांना कास्तोरियात दुसरे कोण कामावर घेणार? फरचे निम्मे कारखाने तर केव्हाच बंद पडले होते.

आत कातड्यांचा, पिंपासारखा लाकडी ढोल फिरत होता. त्याचा तो घुमणारा, झोप आणणारा आवाज... कातड्यांची चरबी काढायची तर ती भुशात घालून अशी तासन्‌तास फिरवावी लागतात. हल्ली नुसता कोरडा भुसा. वडिलांच्या काळी त्यात ते गोडसर वासाचे द्रावण असे, आणि वापरून झालेला भुसा वडील फेकून देत नसत. थंडीत या उतरणीच्या गल्ल्या काचेसारख्या गोठत, म्हाताऱ्या माणसांची हाडे मोडत, आणि पहाटेच्या प्रार्थनेपूर्वी वडील खांद्यावर पोते घेऊन देवळाच्या पायऱ्यांपासून तळ्यापर्यंत मूठमूठ भुसा पसरत जात. अर्गिरिसचा भुसा, असे वडिलांच्या नावानेच लोक त्याला म्हणत! पाद्रीबाबांनी एकदा प्रवचनात त्याचा उल्लेख केला होता. उरलेला भुसा शेजारीपाजारी परसात नेत. त्याने तण येत नाही, ओल टिकते, म्हणत. पोती झिसिसनेही वाहिली होती — तीस वर्षांचा होता, पाठ भक्कम होती, आणि लोक दारातून हाक मारून आशीर्वाद देत, तेव्हा ते आशीर्वाद आपल्यालाही लागू आहेत असे त्याला वाटे...

मग एका वर्षी द्रावणाच्या पिंपावर धोक्याचे नवे चित्र आले. मेलेला मासा, आणि वाळलेले झाड. झिसिसने ते वडिलांना दाखवले.

"उडून जातं रे ते," वडील म्हणाले होते. "वास येतो तो कशाचा? उडण्याचाच."

परंतु झिसिसने ते वाटप त्याच हिवाळ्यात थांबवले. नव्या यंत्रातून भुसा उरत नाही, असे त्याने गल्लीत सांगितले. ते खोटे होते. खरे बोलला असता तर वडिलांनी मूठमूठ काय पसरले हेही सांगावे लागले असते, आणि वडील तेव्हा जिवंत होते, त्यांची ती चांगुलपणाची कीर्ती हीच त्यांची उतारवयातली ऊब होती... आणि मृत्यूनंतर? मृत्यूनंतर तर ते अधिकच अवघड झाले.

"काय झिसी, बाईंनी मागणी घातली की काय? चेहरा बघ!" स्तेर्यिओसने ढोल थांबवला. वडिलांच्या हाताखाली शिकलेला हा एकच माणूस आता कारखान्यात उरला होता.

झिसिसने त्याला कागद दाखवला. स्तेर्यिओसने तो हातभर लांब धरून वाचला.

"सांडलं का? नाही. गळलं का? नाही. पुरलं का? नाही." तो एकेक बोट दुमडत गेला. "टाकलं तर मुळीच नाही. तुझ्या बापानं दिलं. लोक मागायला यायचे, आणि तो द्यायचा. देण्याबद्दल कुठं विचारलंय यात? लिही नाही, आणि जेवायला चल."

"तू लिहिलं असतंस?"

"मी कशाला लिहू? मला कुठं अक्षर सुधारायचंय?" तो हसला, मग हसू आवरून, कागद परत देताना हळूच म्हणाला, "माझ्या घरामागंही टाकलाय मी चार पोती भुसा. चेरीखाली."

झिसिसने कागद पुन्हा खिशात घातला. तो मागच्या अंगणात गेला. भिंतीपलीकडे शेजारची फोतिनीमावशी लीकच्या जुड्या उपटत होती — वाकलेली, काळ्या वस्त्रातली, बाहीवर कोपरापर्यंत माती. लीकचे पातीकांद्यासारखे दांडे मनगटाएवढे जाड होते.

"आलास? घे ही जुडी. बायकोला म्हणावं लीकचं सारण भरून पिता भाज, आणि एक तुकडा मला पाठव. नाहीतर तू काय पाठवणार! बाप दिलदार, आणि तू असा चिकट. भुशाची एक मूठ सुटेना हातून इतकी वर्षं."

ही थट्टा तो बारा वर्षे ऐकत होता. ऐकून हसण्याची सवयही त्याने लावून घेतली होती. किंबहुना चिकट ठरण्यात त्याला एक प्रकारचा आडोसा सापडला होता. आज मात्र हसू ओठांपर्यंत आलेच नाही. त्याचे लक्ष तिच्यामागच्या विहिरीकडे गेले — लाकडी झाकण, त्यावर बादली, बादलीत पाणी.

"मावशी, विहिरीचं पाणी बागेलाच घालतेस ना?"

"मग काय अंघोळ घालू लीकना?"

"तसं नव्हे. म्हणजे... पीत नाहीस ना तू?"

"पिते कुठं? चहाला तेवढं घेते. डोंगरी चहाला नळाचं पाणी चालत नाही बघ, औषधाचा वास मारतं. हे कसं गोड आहे." तिने बादलीकडे कौतुकाने पाहिले. "चांगलंच गोड झालंय अलीकडे. का रे?"

गोड. त्या द्रावणाच्या वासासारखे. हा शब्द तिने किती सहज उच्चारला, आणि तो ऐकताच झिसिसला आपल्या पायांखालची जमीन नव्हे, तर सकाळपासूनची सगळी भीतीच सरकल्यासारखी वाटली. कंपनी, मिलान, वरचे लोक, ते नऊ जण, वडिलांची कीर्ती — हे सगळे होतेच, एकही गोष्ट हलकी झालेली नव्हती. पण आजवर तो ज्याला प्रश्न समजत आला तो थेस्सालोनिकीहून छापून आलेला होता, आणि हा प्रश्न मात्र मातीने भरलेल्या हातांनी, भिंतीवरून, त्याचे नाव ठाऊक असलेल्या तोंडातून आला होता. का रे? बारा वर्षांत त्याला हे कुणी विचारले नव्हते. विचारले असते तर... नाही, विचारले असते तरीही तो बोलला नसता; कुणी विचारू नये म्हणूनच तर तो चिकट झाला होता.

समोरच्या गल्लीत गाडी थांबल्याचा आवाज आला. दार उघडले, मिटले. मिर्सिनीबाईंच्या टाचा दगडांवर वाजू लागल्या. झिसिसने मागे वळून पाहिले नाही. लीकची जुडी त्याने छातीशी धरली होती. मुळांची ओली माती सदऱ्याला लागत होती, तरी ती दूर धरावी असे त्याला वाटले नाही.

"बोल की," फोतिनीमावशी म्हणाली. "असा काय बघतोयस? तुझा बाप आठवला का?"

आपण आता पळवाट शोधत नाही आहोत, एवढेच त्याला स्पष्टपणे कळले... केवळ पहिला शब्द शोधत आहोत.