सातव्या पानावरचे बरोबर उत्तर

सोलापूर शहरातील एका कला महाविद्यालयाच्या ऑनलाइन मंचावर, शनिवार, दिनांक २६ एप्रिल २०२५ रोजी सायंकाळी ठीक पाच वाजता, ‘गद्यातील युक्तिवाद’ हा बारा पानांचा पाठ विद्यार्थ्यांसाठी बंद झाला. एकोणीस बहिःस्थ विद्यार्थ्यांनी तो उघडला होता. अठरा जणांनी पूर्ण केला. जी एक राहिली तिचे नाव विजयमाला बंडगर. राहणार सांगोला तालुका, वय एक्केचाळीस.

पाठ पूर्ण केल्याखेरीज परीक्षेस बसता येत नव्हते, आणि जुन्या अभ्यासक्रमाची ही शेवटची परीक्षा होती. विजयमालाबाईंनी डाळिंबे निवडण्याच्या शेडमध्ये काम करीत नऊ वर्षांत बी.ए.चे सारे पेपर एकेक करून सोडविले होते. उरला होता तो हाच. तो हुकला तर मागचे सगळे रद्द होऊन पुन्हा पहिल्या वर्षापासून आरंभ करावा लागणार होता.

पाठ रचला होता प्राध्यापक अण्णाराव बिराजदार यांनी. यंत्रावर शिकविणे म्हणजे शिकविण्याचे सोंग, असे त्यांचे मत होते, आणि ते मत त्यांनी प्राचार्यांपुढे तीन वेळा, दर वेळी निराळ्या पुराव्यानिशी मांडले होते. परंतु एकदा काम अंगावर आल्यावर ते अर्धेमुर्धे करणे त्यांना ठाऊक नव्हते. मार्चभर ते संगणक कक्षात फिरदोस शेख हिच्या शेजारी बसून एकेक पान घडवीत होते. फिरदोस त्या कक्षाची साहाय्यक. तीन वर्षांपूर्वी ती त्यांचीच विद्यार्थिनी होती आणि त्यांना फारशी भीत नसे.

रचना साधी होती. प्रत्येक पानावर थोडा मजकूर, खाली एक प्रश्न. उत्तर बरोबर आले तर विद्यार्थी कोणत्या पानावर जाईल आणि चुकले तर कोणत्या, हे पाठ रचणाऱ्याने ठरवून द्यायचे. चुकलेल्यांसाठी फिरदोसने उजळणीची पाने केली होती. ती वाचून झाली की विद्यार्थी पुढे सरके.

“सर, बरोबर उत्तरापुढं नुसतं ‘पुढचे पान’ निवडा. झालं काम.”

“पुढचे म्हणजे कोणाच्या पुढचे?” अण्णाराव म्हणाले. “संदिग्ध शब्द आहे. येथे पानांची नावे दिसतात. मी नाव घालीन.”

“अहो सर, पुढचं म्हणजे पुढचं. बसमधे कंडक्टर म्हणतो पुढं सरका. कुणी विचारतं का, कुणाच्या पुढं?”

“म्हणूनच दारात गर्दी होते.”

फिरदोस हसली. सहाव्या पानावर एका विहिरीविषयीचा उतारा होता: ‘या विहिरीचे पाणी पिण्यास योग्य नाही. गेल्या उन्हाळ्यात ते प्यालेल्या चारही घरांत माणसे आजारी पडली.’ यातील पुरावा कोणता, असा प्रश्न होता. दुसरे वाक्य निवडणाऱ्यास ‘पुराव्याचे प्रकार’ या नावाच्या पानावर न्यावे, असे अण्णारावांनी नेमके नाव घालून ठरविले. ते पान त्या वेळी सातवे होते.

आठ दिवसांनी त्यांना क्रम खटकला. पुराव्याचे प्रकार आधी सांगितल्यावाचून पुरावा ओळखा म्हणणे अशास्त्रीय होय! त्यांनी ते पान उचलून तिसऱ्या जागी ठेविले. विचार निर्दोष होता. त्यामुळे विहिरीचे पान सहाव्याचे सातवे झाले; त्यावर घातलेले नाव मात्र जसे होते तसेच राहिले.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात विजयमालाबाईंचा फोन आला. मागे शेडमधला गलका ऐकू येत होता.

“नमस्कार सर. सातव्या पानावर मी उत्तर देतीया, पर ते मला पुन्यांदा तिसऱ्यावर नेऊन सोडतंय.”

“तिसऱ्या पानावरचे तुम्हांला नीट उमगलेले नाही, असा त्याचा अर्थ.”

“व्हय, पर सर, विहिरीचं पानी मला कळतं की. आमच्यात उन्हाळाभर टँकरच असतोय. मला वाटतं मी बराबर सांगतीया.”

“वाटणे आणि सिद्ध होणे यांत अंतर असते, विजयमालाबाई. हाच तर पाठाचा विषय आहे. पाठ माघारी नेतो तो काही कारणाने. तिसरे पान पुन्हा वाचा. पाठ चुकत नाही.”

“बरं सर. वाचते.”

अण्णारावांसमोर संगणक चालू होता. पाठ उघडून सातव्या पानावर एकदा बोट ठेवण्यास अर्धे मिनिट लागले असते. त्यांनी चष्मा पुसला आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढे ओढला.

पाठ बंद झाल्यानंतरच्या सोमवारी अहवाल काढताना फिरदोस थबकली.

“सर, या बंडगरबाई सातव्या पानावर एकतीस वेळा आल्यात. एकतीस वेळा एकच उत्तर दिलंय.”

“कोणते?”

“बरोबरचं.”

अण्णाराव उठून तिच्या खुर्चीमागे आले. त्यांनी स्वतः ते उत्तर निवडले. तिसरे पान उघडले. पुन्हा चौथे, पाचवे, सहावे, सातवे. पुन्हा तेच उत्तर, पुन्हा तिसरे पान. खिडकीबाहेर ऊन पांढरे फटक पडले होते आणि पंखा गरम वारा फिरवीत होता.

“मग ते अठरा जण?”

“त्यांनी एकदोन फेऱ्या मारल्या आणि मुद्दाम चुकीचं उत्तर निवडलं. चुकीचं दिलं की उजळणी, उजळणीनंतर आठवं पान. पोरं हुशार असतात, सर. बाईंनी तेवढं केलं नाही.”

अण्णाराव परीक्षा विभागात गेले. तेथील रुद्रप्पा नावाच्या वरिष्ठ लिपिकापुढे त्यांनी चार पानी अर्ज ठेविला. दोष रचनेचा, विद्यार्थिनीचा नव्हे, हे त्यात क्रमवार सिद्ध केलेले होते. रुद्रप्पांनी तो शेवटपर्यंत वाचला. हेही त्यांचे सौजन्यच.

“अर्ज फार सुंदर लिहिलाय, सर. पण यादी शनिवारीच विद्यापीठाला गेली. जुना अभ्यासक्रम आता त्यांच्या संगणकावर दिसतही नाही. तुमचं पटलं तरी मी नाव घालू कुठं?”

कुलसचिवांकडूनही दोन दिवसांत एका ओळीचे उत्तर आले: विनंती मान्य करता येत नाही.

फोनवर सांगता आले असते. अण्णाराव सकाळच्या एस.टी.ने सांगोल्याला गेले. शेड रस्त्यालगतच होती; पत्र्याखाली डाळिंबांचे ढीग, आणि ढिगांभोवती बसलेल्या बायका फळ हातात घेताक्षणी चांगले एका क्रेटमध्ये, डागी दुसऱ्या क्रेटमध्ये टाकीत होत्या. विजयमालाबाईंनी एक क्रेट पालथा घालून पदराने पुसला.

“बसा सर. एवढ्या उनाचं आलाव? च्या सांगू?”

“नको.”

शेजारची एक बाई म्हणाली, “विजे, तुजं मास्तर व्हय गं? मग आता तरी पास कर म्हनावं की!” आणि सगळ्या हसल्या. विजयमालाबाईही हसल्या. त्यांच्या पिशवीत वही होती. ती त्यांनी आपणहून काढून दाखविली. तिसरे पान त्यांनी सहा वेळा हाताने उतरवून काढले होते.

“तुमी म्हनला म्हनून लिवून काढलं. तरीबी न्हाय जमलं बगा. डोसक्यात काय शिरंना. डाळिंब वरनं बगून सांगते आत किडलंय का न्हाय, पर हितं मी अडानीच.”

अण्णारावांनी मग सांगितले. पान कोठे होते, ते का हलविले, नाव कसे तसेच राहिले, यादी केव्हा गेली, कुलसचिवांनी काय लिहिले, सर्व क्रमाने. विजयमालाबाईंचे हात चालूच होते. मध्येच ते थांबले.

“म्हंजे माजं उत्तर बराबर हुतं?”

“होय.”

“पयल्यापासनं?”

“पहिल्यापासून.”

“आन् आता परीक्षा न्हाय.”

“नाही.”

शेजारच्या बायका आता हसत नव्हत्या. अण्णारावांना वाटले, काही तरी बोलले पाहिजे. “मंचाची घडण अशी आहे,” ते म्हणाले, “की पान हलविले तरी त्यावर येणारे दुवे आपोआप बदलत नाहीत. आता ही गोष्ट कोणाही सामान्य माणसाच्या ध्यानात—”

“सर, मी फोन केला हुता की.”

“केला होता.”

विजयमालाबाईंनी वही मिटून पिशवीत ठेविली, ढिगातले फळ उचलले आणि अण्णारावांकडे न पाहता, आवाज न चढविता त्या म्हणाल्या,

“तुमी एकदा उगडून बगायला पायजे हुतं.”