बाभळीचे दोन ठोकळे

मधुसूदनला ताप भरला तो नेमका नहराच्या पाण्याच्या पाळीच्या आदल्या दिवशी.

पारशिवनीपासून चार मैलांवरच्या त्या गावात श्रावण लागून गेला तरी पंधरा दिवस पावसाचा थेंब नव्हता. धानाचे परहे, म्हणजे लावणीची रोपं, वाफ्यात वाढून बसले होते. आणखी आठवडा गेला असता तर ते रोवण्याच्या कामाचे राहिले नसते. शेवटी पेंच धरणाच्या नहराला पाणी सुटलं आणि गावाच्या टोकाच्या शेतांना तीन दिवसांची पाळी मिळाली. तेवढ्यात बांध्या, म्हणजे चौफेर बांध घातलेले धानाचे तुकडे, पाण्याने भरायच्या, चिखल करायचा, रोवणा लावायचा. रुपरावांच्या चार एकरांना एरवी हे जड नव्हतं. दोन वर्षांपूर्वी, चौऱ्याऐंशी साली, त्यांच्या घरी अठरा हॉर्सपॉवरचा लहान ट्रॅक्टर आला होता आणि त्याच्या मागे लावायला फिरत्या पात्यांचा रोटाव्हेटर होता. बैलांना चार दिवस लागत तो चिखल रोटाव्हेटर एका दिवसात लोण्यासारखा करी. पण तो चालवणारा त्यांचा मुलगा मधुसूदन खाटेवर दोन घोंगड्यांखाली कुडकुडत होता. डॉक्टरांनी मलेरिया सांगितला आणि चार दिवस उठायचं नाही म्हणून बजावलं.

"रामटेकचा तो ड्रायव्हर बोलावून घेतो," रुपराव म्हणाले.

"त्याले का आपलीच पाळी हाय?" त्यांची बायको प्रयागबाई म्हणाल्या. "समदीकडं आजच पानी सुटलं. तो कसा येते?"

तारा, मधुसूदनची बायको, चुलीपुढे बसून ऐकत होती. ती म्हणाली, "मामाजी, मी चालवीन."

रुपरावांनी खाटेकडे पाहिलं. मधुसूदन घोंगडीतूनच म्हणाला, "चालवू द्या, बाबा. माह्यापेक्षा सांभाळून चालवते ते."

ते खरं होतं. ताराचे वडील शालिकराम कोराडीच्या वीजघरात फिटर होते. त्यांच्या क्वार्टरमध्ये जेवतानाही यंत्रांच्याच गोष्टी चालत. कोणत्या पट्ट्याने कोणाचा हात ओढला, कोणी चावी न काढता मोटर उघडली. यंत्र थांबलं असं वाटणं वेगळं आणि आपण ते थांबवलं असणं वेगळं, हे तारा दहा वर्षांची असताना शिकली होती. लग्न होऊन या गावात आली, ट्रॅक्टर आला, आणि मधुसूदन तो शिकत असताना तीही शिकली. उन्हाळ्यात घरामागच्या तुकड्यात नांगरट ती करी. पण बांधीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, ती अजून कधी उतरली नव्हती.

सकाळी सहाला तिने मधुसूदनचा जुना खाकी शर्ट साडीवरून चढवला, पदर त्याच्या आत कोंबला, वेणीचा अंबाडा घातला आणि ट्रॅक्टर ठेवलेल्या घरालगतच्या कोठ्यात गेली. रोटाव्हेटर एका कोपऱ्यात जरा तिरपा पडला होता. ती ट्रॅक्टर सुरू करून मागे घ्यायला लागली, तेवढ्यात देवाजी आले. शेजारचं शेत त्यांचं. वय रुपरावांएवढंच, आवाज मोठा, मदतीला सगळ्यांच्या आधी हजर. त्यांच्या जोडीतला एक बैल लंगडत होता, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांची बांधीही याच ट्रॅक्टरने करायची ठरली होती.

देवाजी सरळ रोटाव्हेटरपुढे जाऊन उभे राहिले. "तू मागं मागं ये, बाई. मी अथून सांगतो. जराशानं चुकलं तर मशीन मी ढकलीन."

ताराने ब्रेक दाबला. "काकाजी, आधी तुमी बाजूले व्हा."

"काहून वं?"

"माहा पाय क्लचवरून घसरला तर तुमी दोन्हीच्या मधात सापडाल. तथी भिंतीजवळ उभे राहा, म्हंजे मले दिसाल."

देवाजी हसले, पण भिंतीकडे सरकले. तारा हळूहळू मागे आली. एकदा चुकली, पुढे जाऊन पुन्हा आली. ट्रॅक्टरच्या मागचे खालचे दोन्ही दांडे रोटाव्हेटरच्या खुंट्यांच्या अगदी लगत आल्यावर तिने ट्रॅक्टर बंद केला, ब्रेक लावून ठेवला आणि खाली उतरली. आधी डावा दांडा खुंटीवर बसवला आणि पिन घातली. उजवा दोन बोटं वर राहत होता. देवाजी पहार घेऊन पुढे झाले. तिने मान हलवली आणि त्या दांड्यावरची छोटी मूठ फिरवायला लागली. मुठीबरोबर दांडा खाली आला आणि अलगद बसला. मग वरचा तिसरा दांडा. मग दोन्ही बाजूंच्या साखळ्या, मशीन डोलून चाकाला घासू नये इतक्या ताठ. शेवटी इंजिनाची ताकद मशीनला देणारा, फिरणारा शाफ्ट. तो बसल्याचा खटका ऐकू आला तरी तिने दोन्ही हातांनी ओढून पाहिला, आणि त्याच्यावरचं पत्र्याचं झाकण चढवलं.

"हे झाकन तं मधु कधी लावत नाई," देवाजी म्हणाले. "ग्रीस भराले आड येते."

"म्हनूनच तं मी त्यायच्याशी भांडते," तारा म्हणाली आणि स्वतःच हसली. भिंतीपलीकडे, घरातल्या खाटेवरून, मधुसूदनचं क्षीण हसू ऐकू आलं.

ट्रॅक्टरच्या नाकाला तिने लोखंडी वजनं अडकवली. नहराच्या चढावर मागचं मशीन जड झालं की लहान ट्रॅक्टरची पुढची चाकं अधांतरी होतात, आणि मग स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी उपयोग नसतो. निघताना तिने मागच्या पेटीत पाना, विळा आणि बाभळीचे दोन ठोकळे टाकले. हातभर उंचीचे, करवतीने सपाट कापलेले. त्यांच्याबद्दल कोणी काही विचारलं नाही.

पहिला दिवस सरळ गेला. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, लोक जमले, थोडा वेळ पाहिलं आणि आपापल्या कामाला गेले. पाहण्यासारखं फारसं काही नव्हतं. वळायच्या आधी ती रोटाव्हेटर उचले, वळल्यावर टेकवे, इतकंच. दुपारपर्यंत पहिल्या दोन बांध्यांत बायका रोवायला उतरल्या. संध्याकाळी तिच्या खांद्यांत गोळे आले होते. प्रयागबाईंनी तिच्या खांद्यांना तेल चोळलं. जेवताना रुपराव म्हणाले, "बांधी सपाट झाली."

दुसऱ्या दिवशी देवाजींचं शेत. एका कोपऱ्यात जमीन कडक होती, रोटाव्हेटर वरच्या वर उड्या मारत होता. देवाजी पाण्यातून फचफच करत आले आणि, ताराला कळायच्या आत, रोटाव्हेटरच्या पाठीवर चढून उभे राहिले.

"वजन देतो," ते ओरडले. "चाल पुढं. आता खोल जाईल."

ताराने शाफ्ट थांबवला, मशीन टेकवलं आणि इंजिन बंद केलं. पाठीमागे एकाएकी शांत झालं. "काकाजी, उतरा."

"अवं, बैलाच्या फळीवर आमी असेच उभे राहातो. बापजन्मापासून."

"फळी वेगळी. तिच्या खाली पाती नाई फिरत. तुमचा पाय घसरला तर मले मागं पाहून थांबवेपर्यंत काई उरनार नाई."

"माहं शेत हाय. माहा पाय हाय."

"ट्रॅक्टर मी चालवून राहिली," तारा म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिने चावी काढली, कमरेला खोचली आणि चिखलातून चालत जाऊन धुऱ्यावर बसली.

नहराचं पाणी वाहत होतं. देवाजी थोडा वेळ मशीनवरच उभे राहिले. शेजारच्या बांधीतल्या बायकांचं रोवणं थांबलं. मग ते उतरले आणि तडक रुपरावांना घेऊन आले. येताना त्यांचं बोलणं लांबूनच ऐकू येत होतं. सून डोक्यावर बसली, पाळी वाया चालली, वगैरे.

रुपराव धुऱ्यावर उभे राहिले. "काय झालं?"

ताराने सांगितलं. दोन वाक्यांत सांगितलं. सासऱ्यांनी चावी मागितली असती तर आपण काय केलं असतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

रुपरावांनी ट्रॅक्टरकडे पाहिलं, मग कोपऱ्याकडे. "मंग तो कोपरा कसा करतं?"

"हळू गियर टाकून दोनदा फिरवीन. अर्धा घंटा जास्त लागन."

"लागू दे." ते देवाजींकडे वळले. "देवा, तू अथी बस माह्याजवळ."

देवाजी बसले. फुगून बसले, पण बसले.

कोपरा झाला. शेवटची बांधी अर्धी झाली असताना रोटाव्हेटर कुरकुरला आणि धापा टाकायला लागला. ताराने मागे पाहिलं. चिखलात गाडलेला नारळी दोर, बैलांचा जुना असेल, पात्यांना गच्च गुंडाळला होता. तिने मशीन उचललं, ट्रॅक्टर कडक धुऱ्याशेजारी आणला, शाफ्ट थांबवून इंजिन बंद केलं आणि चावी कमरेला लावली. पेटीतून बाभळीचे ठोकळे काढले आणि उचललेल्या मशीनच्या दोन टोकांखाली एकेक उभा केला.

तेवढ्यात देवाजी विळा घेऊन गुडघ्यावर बसलेही होते. सकाळचं उणं भरून काढायचं होतं त्यांना. "हे मी कापतो. माहाच दोर हाय." आणि कोपरापर्यंत हात पात्यांखाली घातला.

"थांबा काकाजी, आधी मशीन ठोकळ्यायवर टेकू द्या," तारा म्हणाली.

रुपरावही बघायला पुढे आले होते. धुऱ्याची कड ओली होती. त्यांचा पाय सुटला आणि पडू नये म्हणून त्यांनी हाताला लागलं ते धरलं. सीटशेजारचा, मशीन वर-खाली करायचा लिफ्टचा दांडा. तो खाली गेला आणि तीन क्विंटलचा रोटाव्हेटर खाली आला.

चार बोटं आला. ठोकळ्यांवर धप्पकन आदळला आणि तिथेच राहिला.

देवाजींचा हात अजून आतच होता, पाती त्याच्या वर, मधे तळहाताएवढी जागा. ताराने आधी तो दांडा आपल्या हाताने धरून ठेवला आणि म्हणाली, "आता हात काढा. सावकाश."

देवाजींनी हात बाहेर काढला. उलटसुलट करून पाहिला. मनगटावर एक ओरखडा होता, तोही दोराचा. ते धुऱ्यावर जाऊन बसले आणि बराच वेळ चिखल पुसत राहिले, पुसून झाल्यावरसुद्धा.

रुपराव ठोकळ्यांकडे पाहत होते. "मी पाडलं असतं," ते म्हणाले. "माह्या हातानं."

"नाई मामाजी," तारा म्हणाली. "चूक माही. ठोकळे लावले, पन मशीन त्यायच्यावर टेकवायच्या आधी काकाजीले खाली बसू दिलं. तेवढी घाई मी करायले नको होती." तिने ट्रॅक्टरच्या चाकाला पाठ टेकवली, दोन घोट पाणी प्यायली आणि मग दोर स्वतः कापला. मशीन ठोकळ्यांवर पक्कं टेकलेलं होतं. वीस मिनिटं लागली. देवाजी तिच्याकडे कापलेले तुकडे मागत गेले आणि एकेक नहराच्या पलीकडे फेकत गेले.

उरलेली अर्धी बांधी दिवस मावळायच्या आत झाली. तिसऱ्या दिवशी दोन्ही शेतांतला उरलेला रोवणा पाणी बंद व्हायच्या दोन तास आधी उरकला. रोवायला आलेल्या बायकांना देवाजींच्या घरून जेवण होतं. पहिलं ताट त्यांनी तारासाठी वाढायला लावलं.

मधुसूदन पाचव्या दिवशी उठला. अशक्त होता, पण अंगणात येऊन बसला होता. त्याच संध्याकाळी गावातले दोघेजण आले. त्यांच्या बांध्या अजून राहिल्या होत्या, पुढची पाळी सोमवारी होती. ते नेहमीप्रमाणे रुपरावांपुढे बसले आणि ट्रॅक्टर मिळेल का म्हणून विचारू लागले.

रुपराव तंबाखू मळत होते. "मले काय विचारता," ते म्हणाले. "तारेले विचारा. सोमवारी तिले जमते का ते पाहा."

तारा तांदूळ निवडत ओसरीवर बसली होती. तिने सूप खाली ठेवलं आणि पहिल्याला विचारलं, "तुमची बांधी किती? अन् तथी उतरायले वाट कशी हाय, चढ हाय का सपाट?"